नौकेच्या डिझेल इंजिनातील निष्कास व टर्बोचार्जर दोषनिदान

नौकेच्या डिझेल इंजिनातील निष्कास व टर्बोचार्जर दोषनिदान म्हणजे इंजिनातून बाहेर पडणारा धूर, त्याचा दाब व तापमान, त्यासोबत येणारे पाणी आणि टर्बोचार्जरची अवस्था यांच्या निरीक्षणावरून बिघाडाचे मूळ शोधण्याची पद्धत होय. रस्त्यावरील वाहन बंद पडल्यास ते कडेला उभे करता येते. भरतीच्या प्रवाहात किंवा खडकाळ किनाऱ्याजवळ इंजिनाने दम सोडला तर नौकेला ती सोय नसते, म्हणून या निदानाला समुद्रावर विशेष महत्त्व आहे. दुसरे कारण पैशाचे आहे. शक्ती कमी झाली आणि काळा धूर दिसू लागला की टर्बोचार्जर निकामी झाल्याचे अनुमान घाईने काढले जाते आणि नवा, महागडा टर्बो बसवूनही धूर कायम राहतो. प्रत्यक्षात टर्बोचार्जर हा पुष्कळदा बिघाडाचा कर्ता नसून बळी असतो. त्याच्या पुढे किंवा मागे, हवेच्या अथवा धुराच्या मार्गात कोठे तरी अडथळा, गळती किंवा अवाजवी भार असतो व त्याचा परिणाम टर्बोवर दिसतो.

रचना व कार्य

डिझेल इंजिनात प्रथम हवा दाबून तापवली जाते व त्या तप्त हवेत इंधनाचा फवारा सोडला जातो. इंधन किती जाळता येईल हे सिलिंडरमध्ये किती हवा आहे यावर अवलंबून असते. जास्त हवा कोंबली तर त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त शक्ती मिळते. ही हवा कोंबण्याचे काम वाया जाणाऱ्या धुराकडूनच करून घेण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने मांडली व १९०५ मध्ये तिचे पेटंट मिळवले. तिचा पहिला मोठा उपयोग नौकांवरच झाला. १९२०च्या दशकाच्या मध्यास ‘प्रॉयसन’ व ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांना टर्बोचार्जर बसवल्यावर त्यांची शक्ती १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत गेली.

टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके असतात. एका चाकावर, म्हणजे टर्बाइनवर, सिलिंडरमधून आलेला तप्त धूर आदळतो. त्यामुळे फिरणारे दुसरे चाक, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरची हवा ओढून ती दाबाखाली इंजिनाकडे ढकलते. या वाढीव दाबाला बूस्ट म्हणतात. लहान नौकांच्या टर्बोचा दांडा मिनिटाला १,००,०००हून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तो वंगण तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. दाबलेली हवा तापते, म्हणून पुष्कळ इंजिनांत ती सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी आफ्टरकूलरमधून समुद्राच्या पाण्याने थंड केली जाते.

हे एक वर्तुळ आहे, ही गोष्ट निदानासाठी सर्वांत महत्त्वाची. धूर कमी तर टर्बाइन मंद, टर्बाइन मंद तर हवा कमी, हवा कमी तर ज्वलन अपुरे. वर्तुळात कोठेही खोट आली तरी लक्षणे सगळीकडे दिसतात. त्यामुळे एका लक्षणावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

ओला व कोरडा निष्कास

नौकांवर धूर बाहेर सोडण्याच्या दोन पद्धती आहेत. मासेमारीच्या मोठ्या नौकांवर व मालवाहू जहाजांवर उष्णतारोधक वेष्टन घातलेली लोखंडी नळी सरळ वर नेऊन धूर आकाशात सोडला जातो. हा कोरडा निष्कास होय. क्रीडानौका, शिडाच्या नौका व जलद प्रवासी लाँच यांवर बहुधा ओला निष्कास असतो. त्यात इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी टर्बोच्या पुढे असलेल्या कोपराच्या आकाराच्या भागात, ज्याला कारागीर नुसते ‘एल्बो’ म्हणतात, धुरात सोडले जाते. पाण्यामुळे धूर एकदम निवतो आणि पुढचा मार्ग रबरी नळीचा करता येतो. नळी, पाणी साठवणारा सायलेन्सर व नौकेच्या मागील बाजूचे तोंड या मार्गाने धूर व पाणी एकत्र बाहेर पडतात.

ओल्या पद्धतीत जागा वाचते व यंत्रकक्ष थंड राहतो, पण तिचे बहुतेक आजार त्या एका एल्बोत एकवटलेले असतात. तप्त धूर, खारे पाणी आणि गंधकयुक्त काजळी ही तिन्ही तेथे भेटतात. ओतीव लोखंड आतून गंजून फुगते, पोलादी एल्बो जोडाच्या ठिकाणी झिरपू लागतो आणि काजळी व क्षार यांचा कठीण थर मार्ग अरुंद करत जातो. बाहेरून रंग दिलेला एल्बो सुस्थितीत दिसतो, आत मात्र बोट जाण्याइतकीही जागा उरलेली नसते. जे इंजिन नेहमी कमी भारावर, केवळ बॅटरी चार्ज करण्यासाठी किंवा बंदरात फिरण्यासाठी चालवले जाते, त्यात हा थर लवकर जमतो.

धुराचा रंग

पूर्ण तापलेल्या आणि योग्य भारावर चालणाऱ्या डिझेल इंजिनाचा धूर जवळजवळ दिसत नाही. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अपुरी. हवागाळणी तुंबणे, बूस्टच्या नळीची गळती, धुराच्या मार्गातील अडथळा, इंजेक्टरचा बिघडलेला फवारा आणि अवाजवी भार ही त्याची नेहमीची कारणे होत. वेग एकदम वाढवताना क्षणभर काळा धूर येणे टर्बो इंजिनात स्वाभाविक आहे, कारण इंधन तत्काळ वाढते पण चाकाला वेग घेण्यास थोडा अवधी लागतो. धुराच्या काळेपणाची तुलना करण्यासाठी फ्रेंच अभियंता माक्सिमिलियाँ रिंगेलमान याने १८८८ मध्ये तयार केलेली करड्या छटांची मापपट्टी आजही वापरात आहे.

निळसर धूर वंगण तेल जळत असल्याचे सांगतो. ते तेल झिजलेल्या पिस्टन-रिंगांतून, झडपांच्या दांड्यांवरून किंवा टर्बोच्या सीलमधून आलेले असू शकते.

पांढऱ्या धुराबाबत सर्वाधिक गफलत होते, कारण पांढरे दिसणारे दोन पदार्थ मुळातच भिन्न आहेत. एक न जळलेल्या इंधनाचे धुके. त्याने डोळे चुरचुरतात, ते हवेत रेंगाळते आणि पाण्यावर तेलाची रंगीत साय सोडते. थंड इंजिन सुरू करताना ते थोडा वेळ दिसले तर चिंतेचे कारण नाही. तापलेल्या इंजिनात ते टिकले तर इंजेक्टर, इंधन सोडण्याची वेळ किंवा सिलिंडरमधील दाब तपासावा लागतो. दुसरा पदार्थ साधी वाफ. ती थोड्याच अंतरावर विरून जाते व तिला वास नसतो. ओल्या निष्कासात थंडीच्या सकाळी वाफ दिसणे नैसर्गिक आहे, परंतु उष्ण हवेत एकाएकी वाफ वाढली तर समुद्राचे पाणी कमी येत असल्याचा तो इशारा समजावा. पंपातील रबरी इंपेलरची पाती तुटणे, पाण्याच्या जाळीत प्लास्टिक किंवा शेवाळ अडकणे ही सामान्य कारणे आहेत. तुटलेली पाती तेथेच राहत नाहीत. ती वाहत जाऊन शीतकाच्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी अडकतात, म्हणून नवा इंपेलर बसवताना जुन्याचे सर्व तुकडे मोजून शोधावे लागतात. वाफेसोबत गोड्या शीतकाची पातळीही घटत असेल तर हेड-गॅस्केट किंवा पाण्याने थंड होणारी निष्कास-नळी फुटल्याचा संशय घ्यावा.

सुकाणूजवळ उभ्या असलेल्या माणसाला कान हेही साधन असते. पाण्यासह बाहेर पडणाऱ्या धुराचा आवाज ओलसर, ठोक्याठोक्याचा असतो. पाणी आटले की तो पोकळ व कर्कश होतो. असा बदल ऐकू येताच इंजिन मंद करून मागील तोंडातून पाणी येते की नाही ते पाहावे, कारण पाण्याविना रबरी नळी काही मिनिटांत करपू शकते.

भाराची चाचणी

कोणतेही आवरण उघडण्यापूर्वी नौका खोल पाण्यात नेऊन पूर्ण वेगाची चाचणी घेणे हिताचे असते. इंजिनाच्या निर्मात्याने पूर्ण भारावरील फेऱ्यांचा आकडा दिलेला असतो. समजा तो मिनिटाला २,४०० आहे. गिअर सोडलेल्या स्थितीत इंजिन तेथवर सहज पोहोचते, पण नौका चालवताना २,१०० वर अडते व काळा धूर ओकते, तर इंजिनावर त्याच्या कुवतीबाहेरचे ओझे आहे किंवा त्याला हवा कमी पडते आहे.

ओझे वाढण्याची कारणे इंजिनाबाहेर असतात. पंखा म्हणजेच प्रॉपेलर फिरवण्यास लागणारी शक्ती फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पंख्याचा व्यास किंवा त्याच्या पात्यांचा पीच थोडा जास्त झाला, पंख्यात दोर वा जाळे गुंतले, किंवा तळाला शेवाळ व शिंपल्यांचा थर बसला की इंजिनाला त्या फेऱ्यांपर्यंत पोहोचताच येत नाही. गव्हर्नर मात्र फेरे गाठण्यासाठी इंधन वाढवत राहतो. नौका सहा महिन्यांपूर्वी ठीक होती आणि हळूहळू मंदावली असेल, तर हत्यारांची पेटी उघडण्याआधी तळ पाहावा. पाणबुड्याने तळ खरवडल्याने बरा झालेला ‘टर्बोचा बिघाड’ ही गोष्ट बंदरांत नवलाची नाही.

बूस्ट व धूर यांचा एकत्र विचार

बूस्टचा दाबमापक आणि धुराचा रंग एकत्र पाहिले तर शोधाचा परीघ लगेच आकसतो. बूस्ट कमी आणि धूर काळा, ही जोडी हवेच्या मार्गातील दोष दाखवते. अशा वेळी हवागाळणी, कॉम्प्रेसरपासून सिलिंडरपर्यंतच्या रबरी नळ्या व पट्टे, टर्बाइनच्या आधीच्या निष्कास-नळीचे गॅस्केट आणि एल्बो क्रमाने तपासावेत. बूस्टची नळी फाटली असेल तर बहुधा शिट्टीसारखा आवाज येतो. साबणाचे पाणी लावून व नळीत थोडी हवा भरून सूक्ष्म गळतीही सापडते.

बूस्ट कमी पण धूर स्वच्छ, ही जोडी अनेकांना चकवते. येथे टर्बो निर्दोष असण्याची शक्यता मोठी असते. इंजिनाला इंधनच कमी मिळत आहे, त्यामुळे धुरात टर्बाइन फिरवण्याइतकी उष्णता नाही आणि बूस्टही नाही. अशा वेळी इंधनाचा फिल्टर, टाकीतील गाळ, इंधननळीत शिरणारी हवा व थ्रॉटलच्या तारेचा ताण पाहावा. काही इंजिनांच्या इंधनपंपावर बूस्ट येईपर्यंत इंधन रोखून धरणारा पडदा असतो. तो पडदा फाटला किंवा त्याच्याकडे जाणारी बारीक नळी फुटली तरी हेच चित्र दिसते.

बूस्ट पूर्ण आणि धूर काळा असेल तर अवाजवी भार, इंजेक्टर किंवा आफ्टरकूलर यांकडे वळावे. आफ्टरकूलर बाहेरून क्षारांनी तुंबला तर हवा गरमच राहते, व गरम हवा त्याच दाबाला विरळ असते. आतून तेल व धुळीने माखला तर त्याच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक पडतो. त्याची नळी फुटून खारे पाणी हवेसोबत सिलिंडरमध्ये जाणे हा त्याचा सर्वांत घातक विकार होय. म्हणून ठराविक काळाने त्याची दाबचाचणी घेतात.

पश्चदाबाचे मापन

टर्बाइनमधून बाहेर पडल्यावर धुराला वाटेत जो विरोध होतो त्याला पश्चदाब म्हणतात. कार्यशाळेत ‘बॅक प्रेशर’ हाच शब्द रूढ आहे. टर्बाइन तिच्या आधीच्या व नंतरच्या दाबांतील फरकावर चालते. पश्चदाब वाढला की तो फरक घटतो, चाक मंदावते, हवा कमी पडते आणि धुराचे तापमान चढते. त्यामुळे टर्बो इंजिनांसाठी निर्माते पश्चदाबाची मर्यादा घालून देतात. ती बहुधा १० किलोपास्कलच्या आत असते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

हे माप घेण्यास महाग उपकरण लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बांधावी व तिच्यात अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरावे. तिचे एक टोक उघडे ठेवून दुसरे टोक टर्बाइनच्या पुढे, पण पाणी मिसळण्याच्या आधी असलेल्या छिद्राला जोडावे. मधल्या भागात तांब्याची लांब नळी घातली नाही तर धुराच्या उष्णतेने प्लास्टिक वितळते. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत १०२ मिलिमीटर फरक पडला तर दाब १ किलोपास्कल समजावा. १० किलोपास्कल मोजायचे तर फरक मीटरभराहून थोडा जास्त होतो, म्हणून नळी तेवढी उंच हवी. मापन पूर्ण भारावर व पूर्ण फेऱ्यांवरच घ्यावे. धक्क्याला बांधलेल्या नौकेत गिअर न टाकता घेतलेला आकडा निरुपयोगी असतो, कारण त्या वेळी धुराचे प्रमाणच अल्प असते.

पश्चदाब जास्त निघाल्यास एल्बो काढून आत पाहावे. तो स्वच्छ असेल तर रबरी नळीकडे वळावे. जुन्या नळीचा आतला थर सुटून झडपेसारखा मार्गात आडवा येतो आणि बाहेरून नळी अगदी धडधाकट दिसते. सायलेन्सरमधील आडपडदे तुटून तोंडाशी अडकणे व मागील तोंडाची झडप गंजून बसणे हेही आढळते.

कोरड्या निष्कासात प्रत्येक सिलिंडरच्या धुराचे तापमान मोजणे उपयुक्त ठरते. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा बराच थंड असेल तर त्यात ज्वलन नीट होत नाही, आणि फार तप्त असेल तर त्याचा इंजेक्टर गळत असण्याचा संभव असतो. दुरून तापमान वाचणारे इन्फ्रारेड उपकरण धातूच्या पृष्ठभागाचे तापमान सांगते, आतील धुराचे नव्हे. पाण्याच्या आवरणाने थंड होणाऱ्या नळीवर तर ते काहीच सांगत नाही.

टर्बोचार्जरची प्रत्यक्ष तपासणी

इंजिन बंद व पूर्ण थंड असताना हवागाळणी काढून कॉम्प्रेसरचे चाक बोटांनी फिरवावे. ते मोकळे फिरले पाहिजे व कोठेही आवरणाला घासता कामा नये. चाक वर-खाली किंचित हलते म्हणून टर्बो झिजला असे म्हणता येत नाही. तरंगत्या बेअरिंगच्या रचनेत तेलाच्या थरासाठी ठेवलेली ती जागा असते आणि इंजिन चालू असताना तेल ती भरून काढते. दांड्याच्या लांबीच्या दिशेने होणारी हालचाल मात्र अगदी नगण्य हवी. ती हाताला स्पष्ट जाणवली, चाकाची पाती खरचटलेली किंवा टोके वाकलेली दिसली, तर टर्बो उतरवावा लागतो.

हवेच्या नळीत तेलाचा पातळ ओशटपणा आढळणे सामान्य आहे. तो पुष्कळदा क्रँककेसच्या श्वासनळीतून आलेला असतो. तेल साचलेले असेल तर सील फुटल्याचे ठरवण्यापूर्वी तेल परत जाण्याची नळी तपासावी. टर्बोतील तेल केवळ गुरुत्वाने खाली जाते. ही नळी चेपली किंवा काजळलेल्या तेलाने अरुंद झाली तर तेल बेअरिंगपाशी तुंबते व नवे सीलही ते अडवू शकत नाही. नौकेत इंजिन बहुधा तिरके बसवलेले असते, त्यामुळे ट्रकच्या इंजिनासाठी आखलेली नळी तशीच वापरल्यास तिचा उतार हरवतो. क्रँककेसमध्ये वाढलेला दाब व तुंबलेली हवागाळणी यांमुळेही तेल सीलबाहेर ओढले जाते.

टर्बोचे आयुष्य प्रामुख्याने तेलावर ठरते. पूर्ण भारावर चाललेले इंजिन एकदम बंद केले की तेलाचा पुरवठा थांबतो, पण टर्बाइनची उष्णता बेअरिंगकडे येत राहते व तेथील तेलाचा कोळसा होतो. म्हणून थांबण्यापूर्वी इंजिन काही मिनिटे मंद चालवतात.

निष्कासातून शिरणारे पाणी

ओल्या निष्कासाचा सर्वांत महागडा अपघात म्हणजे समुद्राचे पाणी उलट्या वाटेने टर्बो व सिलिंडरमध्ये जाणे. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते साचलेले असताना स्टार्टर फिरवला तर कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा मोडतो. असे पाणी तीन वाटांनी येते. एल्बोची उंची जलरेषेपासून पुरेशी नसेल तर मागून येणाऱ्या लाटेचे पाणी आत घुसते. पाण्याच्या नळीचा जलरेषेवरील वळसा व त्यावरील हवेची झडप नसेल, किंवा ती झडप क्षारांनी बंद झाली असेल, तर इंजिन बंद झाल्यावरही वक्रनलिकेच्या न्यायाने पाणी वाहत राहते. तिसरी वाट माणूस स्वतःच उघडतो. इंजिन सुरू होत नाही म्हणून वारंवार स्टार्टर मारला जातो, प्रत्येक वेळी पंप पाणी ढकलतो, पण ते बाहेर फेकण्यास धूर नसतो. सायलेन्सर भरून पाणी वर चढते. इंजिन दोन-तीन प्रयत्नांत सुरू न झाल्यास समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून पुढचे प्रयत्न करावेत आणि ते सुरू होताच कॉक उघडावा, हा नियम त्यामुळेच पाळला जातो.

तेल दुधाळ दिसले, टर्बाइनच्या चाकावर ताजा गंज आढळला किंवा स्टार्टर ‘ठक्’ असा आवाज करून अडला तर पुन्हा स्टार्टर मारू नये. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवावे व पाणी बाहेर काढावे. त्यानंतर तेल व त्याचा फिल्टर बदलून इंजिन लवकरात लवकर चालवावे, आणि ते तेलही पुन्हा बदलावे. खारे पाणी आत राहिल्यास थोड्याच दिवसांत रिंगा सिलिंडरला चिकटतात.

धुराची गळती

एल्बोच्या जोडापाशी किंवा गॅस्केटभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला तर तो पुसून सोडून देऊ नये. अशा गळतीने यंत्रकक्षातील हवा तापते व तीच हवा इंजिन ओढत असल्याने शक्ती घटते. त्याहून गंभीर बाब म्हणजे धुरातील कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग व वास नसतो आणि झोपेतच माणसाचा बळी जाऊ शकतो. डिझेल धुरात त्याचे प्रमाण पेट्रोलच्या मानाने कमी असले तरी अपुऱ्या ज्वलनात, म्हणजे नेमके काळा धूर येत असताना, ते वाढते. बंद केबिनच्या नौकेवर या वायूची सूचना देणारे यंत्र असावे. डोकेदुखी व मळमळ यांना नुसती बोट लागल्याची लक्षणे समजू नये. कोरड्या निष्कासात आगीचाही धोका असतो. समुद्रावरील सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावरील इंधनगळती पोहोचू शकेल अशा, २२० अंश सेल्सिअसहून अधिक तापणाऱ्या पृष्ठभागांना वेष्टन आवश्यक असते.

बंद काळातील दोष

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये पावसाळी मासेमारी बंदी असते व यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात. या काळात उघड्या निष्कासातून दमट, खारी हवा आत जाते. टर्बाइनचे चाक व बूस्टची मर्यादा राखणारी वेस्ट-गेट ही झडप गंजून बसण्याचा संभव याच वेळी सर्वाधिक असतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास नौका पुन्हा पाण्यात उतरल्यावर ‘इंजिन उचलत नाही’ अशी तक्रार आली तर प्रथम या दोन जागा पाहाव्यात. वेस्ट-गेट उघडी अडकली तर बूस्ट चढत नाही, आणि बंद अडकली तर तो मर्यादेपलीकडे जाऊन सिलिंडरवर ताण पडतो. उभ्या निष्कास-नळीच्या तोंडावर झाकण घालणे, ओल्या निष्कासाचे मागील तोंड बुच लावून बंद करणे आणि काही आठवड्यांनी इंजिन हाताने फिरवणे हे त्यावरील स्वस्त उपाय आहेत. झाकण अथवा बुच लावल्याची चिठ्ठी स्टार्टरच्या चावीला बांधून ठेवण्याची पद्धत आहे, कारण ते तसेच ठेवून इंजिन सुरू केल्यास पश्चदाबाचा दोष पुन्हा नव्याने निर्माण होतो.